ओराशोतली जादाची ओळ

बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता दमयंती सबनीस मोरियामा-सेन्सेईंच्या, म्हणजे मोरियामा सरांच्या, घरी वाचायला बसायची. अर्ध्या तासानं त्या खोलीतली दुपार कुठे पुढे सरकतच नाही असं तिला वाटायला लागायचं. योकोहामाच्या टेकडीवरचं ते जुनं लाकडी घर होतं. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत बंदराची एक चिंचोळी पट्टी दिसायची. त्या पट्टीत कधी एखादं जहाज यायचं आणि ते हलतंय की उभं आहे हे बराच वेळ कळायचं नाही. सेन्सेई खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मिटले काय, उघडले काय, त्यांना सारखंच होतं. काचबिंदूनं सहा वर्षांपूर्वी एक डोळा नेला होता आणि दुसऱ्यात आता फक्त उजेड-अंधार उरला होता.

दमयंती मूळची मिरजेची. तिथे एका शाळेत ती अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होती. नवऱ्याला, अंबरीषला, जपानमध्ये कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून आली आणि चौदा वर्षं झाली. अंबरीष रोज तोयोसुच्या ऑफिसला जायचा. मुलगी रुचा सोळा वर्षांची झाली होती. आईच्या मराठी प्रश्नाला ती जपानीत उत्तर द्यायची, आणि फारच रागात असली की इंग्रजीत. दमयंतीनं आधी स्टेशनजवळच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, बाइतो केला, म्हणजे काउंटरवर अर्धवेळ नोकरी. चार वर्षं ती ‘इराश्शाइमासे’, या बसा म्हणावं तसं, म्हणत गिऱ्हाइकांसमोर वाकत राहिली. मग वॉर्डाच्या वाचनालयात फळ्यावर एक कागद दिसला. इंग्रजी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारी व्यक्ती हवी, सावकाश वाचता यावं, श्रद्धाळू असण्याची गरज नाही.

त्या शेवटच्या अटीमुळे तिनं फोन केला.

पहिल्या दिवशी सेन्सेईंनी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं आणि मान डोलावली. “जपानी माणसं इंग्रजी वाचताना माफी मागितल्यासारखं वाचतात. इंग्रज घाईत वाचतात. तुम्ही एकेक शब्द वेगळा ठेवता.”

“तांदूळ निवडल्यासारखं वाचते मी,” दमयंती रात्रीच्या जेवणाला अंबरीषला म्हणाली. “खडा राहायला नको म्हणून.”

“आणि वाचतेस काय?”

“पाखंड्यांबद्दल. ख्रिश्चन धर्म नवा होता ना, तेव्हाचे. चर्चनं ज्यांना बाहेर काढलं ते.”

अंबरीषनं पोळीचा तुकडा तोंडात ठेवता ठेवता तिच्याकडे पाहिलं. “मिरजेची सबनीसबाई योकोहामात बसून रोमच्या पाखंड्यांबद्दल वाचते. छान आहे.”

सेन्सेई त्र्याऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी विद्यापीठात चर्चचा आरंभीचा इतिहास शिकवला होता आणि आता एकच पुस्तक पुरं करायचं राहिलं होतं. ज्यांची पुस्तकं जाळली गेली, त्यांची वाक्यं गोळा करायची, एवढंच त्या पुस्तकाचं काम. ही वाक्यं सापडायची कुठे, तर त्यांच्या वैऱ्यांच्या पुस्तकांत. एखाद्या पाखंड्याचं मत खोडून काढायचं तर आधी ते लिहायला लागतं. मूळ ग्रंथ राख झाला, आणि त्याची वाक्यं खोडणाऱ्याच्या ग्रंथात जशीच्या तशी जपली गेली. दमयंती असे शेकडो पानांचे संतापलेले ग्रंथ वाचायची. मध्येच सेन्सेईंचं बोट वर व्हायचं. “हे. हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे. आवाज बदलला बघा.” आणि खरंच, त्या सगळ्या आरडाओरड्यात एक वाक्य एकदम शांत असायचं. कुणीतरी भरल्या घरात हळूच बोलून जावं तसं.

तिला त्यातली माणसं आवडायला लागली. काळ्या समुद्राकाठचा एक जहाजवाला होता, मार्सियन. त्याला वाटलं, जुन्या करारातला रागीट देव आणि येशूचा दयाळू पिता एक असूच शकत नाहीत. म्हणून त्यानं आपल्यापुरती पवित्र पुस्तकांची एक छोटी यादी केली आणि बाकी सगळं वगळलं. रोमच्या चर्चनं त्याला हाकलून दिलं. “पण तोवर चर्चकडे अशी पक्की यादीच नव्हती,” सेन्सेई म्हणाले. “त्यानं केली, तेव्हा यांना विचार करावा लागला, मग आपली कोणती? आज बायबल उघडलं की जी अनुक्रमणिका दिसते, तिच्यामागे थोडासा तो जहाजवाला उभा आहे.” दमयंतीनं खिडकीबाहेर पाहिलं. पट्टीत एक मालवाहू जहाज होतं. तिला क्षणभर वाटलं, तो त्याच जहाजाच्या कठड्याला टेकून उभा असेल.

एकदा तिनंही एक गोष्ट सांगितली. सेन्सेई म्हणाले होते की इंग्रजीतला ‘हेरेसी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘निवड’ एवढाच आहे. शिवी तो नंतर झाला. दमयंतीला एकदम वडील आठवले. ते संस्कृतचे शिक्षक होते. “आमच्या पाखंडाचंही तसंच आहे,” ती म्हणाली. “अशोकाच्या शिलालेखांत पाखंड म्हणजे नुसता पंथ. कुठलाही. राजा म्हणतो, सगळ्या पाखंडांचा मान राखा. वाईट अर्थ मागून चिकटला.”

सेन्सेई खुर्चीत सरळ बसले. तो शब्द त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग स्वतः म्हणून पाहिला. “पाखान्दो.” आणि लहान मुलासारखे हसले.

मग मार्च महिन्यात वाचनात ती पत्रं आली. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा एक वृद्ध बिशप, सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला मारायला नेला जात असलेला, वाटेत थांबेल तिथून त्यानं चर्चना पत्रं लिहिली होती. त्या काळी काही लोक म्हणायला लागले होते की येशूला शरीर नव्हतंच, तो नुसता भास होता. देवाला कसं दुखेल, देवाला कशी भूक लागेल? बिशप त्यांच्यावर चिडून लिहीत होता. तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला, खरोखर सोसलं त्यानं, खरोखर मेला.

“थांबा,” सेन्सेई म्हणाले. “तो शब्द किती वेळा आला?”

दमयंतीनं मोजलं. “या पानावर चार वेळा.”

“कुणी शंका काढल्याशिवाय माणूस ‘खरोखर’ म्हणत नाही. पुढे चर्चनं श्रद्धेचं वाक्य पक्कं केलं, त्यात घातलं, जन्मला, सोसलं, मेला, पुरला गेला. आज जगभर लोक रविवारी ते म्हणतात. भासवाल्यांनी छेडलं नसतं तर इतकं ठासून कुणी कशाला म्हणालं असतं?” ते जरा थांबले. मग आवाज बदलून म्हणाले, “आमच्या आजीच्या ओराशोत त्याच जागी एक ओळ जादाची होती.”

ओराशो म्हणजे प्रार्थना. दमयंतीला एवढं माहीत होतं की दक्षिणेकडे नागासाकीच्या बाजूला, ख्रिश्चन धर्मावर बंदी होती त्या अडीचशे वर्षांत, काही गावांनी तो लपून पाळला. पाद्री नाही, पुस्तक नाही. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना तोंडातून तोंडात जात राहिल्या आणि जाता जाता बदलत गेल्या. बंदी उठल्यावर पाद्री परत आले, तेव्हा पुष्कळ गावं चर्चमध्ये गेली. काही घरं गेली नाहीत. आमच्या आज्यांनी शिकवलं तेच आमचं, म्हणाली. सेन्सेईंचं घर त्यातलं, एका लहानशा बेटावरचं.

“कोणती ओळ?” तिनं विचारलं.

“आठवत नाही.” त्यांनी हातांनी डोळे चोळले, जणू तिथे काही साचलं होतं. “साठ वर्षं झाली. तोमेला येते. माझी मोठी बहीण. अठ्ठ्याऐंशीची आहे, बेटावरच असते. आमचं बोलणं नाही.”

एप्रिलभर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी, दमयंती निघताना, दारात उभे राहून म्हणाले, “सबनीस-सान, मला बेटावर जायचंय. डोळे म्हणून तुम्ही याल?”

मे महिन्यात ते निघाले. विमानानं नागासाकी, मग दोन तास बस, मग फेरी. धुकं इतकं होतं की बंदर सुटलं तेव्हा फक्त पायाखालची थरथर कळली, बाकी काही हललं नाही. पाणी आणि आकाश यांची शिवण उसवून गेली होती. मधूनमधून फेरीचा भोंगा वाजायचा आणि धुक्यात कुठेतरी जाऊन मुरायचा. डेकवर आणखी कुणी नव्हतं. सेन्सेई बाकावर, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

“धुकं आहे ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्ही काहीच सांगत नाही आहात.”

दमयंती हसली. आणि मग त्या पांढऱ्या शांततेत त्यांनी तिला सगळं सांगितलं.

ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते. नागासाकीच्या कॅथलिक शाळेत शिकले, बाप्तिस्मा घेतला, मग तोक्योला धर्मशास्त्र. सुट्टीत बेटावर आले तेव्हा आजीचा ओराशो त्यांनी पहिल्यांदा शिकलेल्या कानांनी ऐकला. ती आतल्या खोलीत, देव लपवलेल्या कपाटासमोर बसून पाऊण तास पुटपुटायची. त्यांनी वही काढून सगळं टिपलं, रात्रभर मूळ लॅटिनशी ताडून पाहिलं, आणि लाल शाईनं चुका दाखवल्या. दुसऱ्या दिवशी घरची माणसं जेवायला बसली असताना त्यांनी ते वाचून दाखवलं. हा शब्द असा नाही, असा आहे. हे नाव दोन माणसांचं नाही, एकाचं आहे. आणि ही ओळ तर कुठेच नाही, ही कुणीतरी मागून घुसडलेली, ही काढून टाक.

“मला वाटत होतं मी तिला भेट देतोय,” ते म्हणाले. “तीनशे वर्षांनी तिच्या घरात कुणीतरी बरोबर प्रार्थना आणली होती.”

“आजी काय म्हणाल्या?”

“म्हणाली, ‘असं होय.’ आणि मला भात वाढला. त्यानंतर ती कधी मोठ्यानं ओराशो म्हणाली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात गेली. तोमेनं मला कळवलं ते अंत्यविधी झाल्यावर.”

भोंगा वाजला. दमयंतीला रुचा आठवली, सहा-सात वर्षांची, योकोहामाच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभी. सांजवेळचा श्लोक म्हणताना ती ‘ज्योती’च्या जागी ‘जोशी’ म्हणायची. दमयंती रोज थांबवायची. पुन्हा म्हण. जोशी नाही. पुन्हा. एक दिवस पोरीनं हात सोडले आणि जपानीत म्हणाली, मला येत नाही, तूच म्हण. तेव्हापासून दमयंती एकटीच म्हणत होती. शिस्त लावत होते मी, तिनं मनात म्हटलं. पण त्या धुक्यात ते तिचं तिलाच पटेना.

तोमे-सानचं घर धक्क्यापासून चढावर होतं. अंगणात जाळ्यांवर मासे सुकत घातले होते. म्हातारी दारातच उभी होती, वाकलेली, डोक्याला पांढरा रुमाल. भावाला पाहून ती जागची हलली नाही. आधी दमयंतीकडे पाहिलं.

“ही कोण?”

“माझी वाचक.”

“वाचायला दुसऱ्या देशातून आणावी लागली?” तिनं बाजूला होऊन वाट दिली. “या. चपला भिंतीशी काढा, कुत्रा नेतो.”

तिनं वाळवलेल्या रताळ्याचा मोची, तांदळाची चिकट वडी, भाजून दिला, काळपट, गोड, धुराच्या वासाचा. दमयंती मासे खात नाही हे कळल्यावर आणखी दोन तुकडे तिच्या ताटलीत टाकले. बहीण-भाऊ बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग सेन्सेईंनी काठी बाजूला ठेवली आणि चटईवर डोकं टेकवून वाकले. “नेसान,” ते म्हणाले, ताई म्हणावं तसं. “आजीचा ओराशो मला ऐकव.”

तोमे-सान चहा ओतत होती. तिनं पेला काठोकाठ भरला.

“ऐकणार, की तपासणार?”

“ऐकणार.”

“तेव्हाही हेच म्हणाला होतास. आजी हरखली होती. शिकलेला नातू ऐकतोय म्हणून दोनदा म्हणून दाखवलं तिनं.” तिचा आवाज चढला नव्हता. “नंतर ती ओठ मिटून म्हणायची. मी विचारलं, आजी, मोठ्यानं का नाही? तर म्हणाली, चुकीचं असेल तर देवाला त्रास कशाला.”

सेन्सेईंचं डोकं चटईवरून उठलं नाही. दमयंतीला तिथून निघून जावंसं वाटलं. पण जायचं कुठे, बाहेर सगळीकडे धुकंच होतं.

“ऊठ,” अखेर तोमे-सान म्हणाली. “पाठ धरेल. बाहेर ओट्यावर जाऊन बस. ही बसू दे इथे.”

ते भिंत चाचपत बाहेर गेले. म्हातारीनं मधला सरकता दरवाजा लावून घेतला आणि दमयंतीसमोर गुडघ्यावर बसली. “तुला लॅटिन येतं?”

“नाही.”

“तू किरिशितान?”

“नाही. हिंदू.”

“म्हणजे बरोबर काय, चूक काय, तुला काहीच कळणार नाही.” ती पहिल्यांदाच समाधानानं बोलली. “आजीला असंच माणूस हवं होतं. लिही.”

आणि ती म्हणायला लागली. ते गाणं नव्हतं, बोलणंही नव्हतं. समुद्राच्या आतून एखादी विहीर बोलत असावी तसं काहीतरी, एका श्वासात सात-आठ शब्द, मग थोडं थांबून पुन्हा. दमयंतीनं पिशवीतून किराणा मालाची यादी करायची वही काढली आणि तिला जे लिहिता येत होतं त्यात लिहायला लागली. देवनागरीत. जसं कानावर पडेल तसं. शब्द कुठे तुटतो हे कळत नव्हतं, अर्थ तर नाहीच. पण ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, अनुस्वार, सगळं कागदावर बसत गेलं. लिहिता लिहिता तिला वाटलं की हात आपला नाही. खोलीत धुकं आलं होतं का, कोण जाणे. म्हातारीचा चेहरा अस्पष्ट झाला होता आणि तिच्या पाठीमागे आणखी बायका बसल्यासारख्या वाटत होत्या, एकीमागे एक, सगळ्यांचे ओठ हलत असलेले.

दोनच शब्द तिच्या कानात अडकले. “सामुका, हिदारुका.” पहिला तिला समजला. सामुई म्हणजे थंडी, बेटावर सामुका म्हणत असावेत. ओराशो संपल्यावर तिनं दुसऱ्याचा अर्थ विचारला. तोमे-साननं आपल्या पोटावर थापटलं.

“भूक. जन्मला, मग थंडी लागली, भूक लागली, मग पुढचं सगळं. हीच ती ओळ. यानं काढून टाक म्हणून सांगितलेली.” ती गुडघ्यांवर हात रेटून उठली. “मासे मिळाले नाहीत त्या हिवाळ्यात कुणा आजीनं घातली असेल. आपल्याला लागते तर त्याला लागली नसेल का? छापायचं नाही हे. त्याला द्यायचं की नाही, ते तू बघ. मी काही सांगणार नाही.”

परतीच्या वाटेवर सेन्सेईंनी काहीच विचारलं नाही. फेरीवर नाही, विमानात नाही. हानेदा विमानतळावरून दमयंतीनं त्यांना घरी सोडलं तेव्हा फक्त म्हणाले, “दमलात तुम्ही.”

वही दमयंतीच्या पिशवीतच राहिली, वाटाणे, साबुदाणा, कपड्यांचा साबण अशा यादीच्या पुढच्या पानांवर. दोन आठवडे ती त्यांच्याकडे जात राहिली आणि नेमून दिलेलं वाचत राहिली. द्यावं की न द्यावं? दिलं, आणि त्यांनी पुन्हा एखादा शब्द सुधारला तर? एकदा परतीच्या ट्रेनमध्ये तिचा डोळा लागला. स्वप्नात तिच्या स्वयंपाकघरात माणसं बसली होती. तो जहाजवाला होता, ओल्या पायांचा. बेड्या घातलेला म्हातारा बिशप होता. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि ती त्यांना पोहे वाढत होती. बिशपनं विचारलं, हे खरोखरचे आहेत का? जहाजवाला वळून त्याला म्हणाला, खाऊन बघ. ती जागी झाली तेव्हा दोन स्टेशनं पुढे आली होती. उलटी ट्रेन पकडायला ती जिन्याकडे गेली नाही. फलाटावर बसून तिनं वही काढली आणि पानं तोंडातल्या तोंडात वाचून पाहिली, अडखळू नये म्हणून.

बुधवारी तिनं बिशपची पत्रं पुन्हा काढली. सेन्सेईंनीच तो भाग परत मागितला होता, शेवटच्या प्रकरणासाठी. खरोखर जन्मला, खरोखर जेवला. पानाच्या तळाशी ती थांबली नाही. वही पुस्तकावर ठेवली आणि त्याच आवाजात, त्याच गतीनं, एकेक शब्द वेगळा ठेवत, देवनागरी वाचायला लागली.

पहिल्या ओळीला त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या ओळीला ती गेली. मग त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवरून उचलले गेले आणि मांडीवर एकमेकांत अडकले, आणि त्र्याऐंशी वर्षांचं तोंड हळूहळू शब्दांच्या अर्धं पाऊल मागून हलायला लागलं. दमयंतीला ते दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. एका ठिकाणी ती चुकली. ‘रु’ होतं की ‘रू’, तिचं तिलाच लागेना, आणि तिनं मिरजेच्या हेलात काहीतरी म्हणून टाकलं. सेन्सेईंचं बोट वर झालं. तोंड उघडलं. ती थांबली.

ते बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरलं आणि खाली घेतलं.

“पुढे,” ते म्हणाले.

“सामुका,” दमयंतीनं वाचलं. “हिदारुका.”

ते रडले, पण आवाज करून नाही. नाकातून एकदा लांब श्वास घेतला, एवढंच. ओराशो संपला तेव्हा त्यांनी विचारलं, “आजीचा आवाज जाड होता. तुमचा बारीक आहे. तरी कसं?” दमयंतीनं चहा करून आणला.

ती निघताना त्यांनी फोन लावून मागितला. दमयंतीनं आकडे दाबून फोन त्यांच्या हातात दिला आणि चपला घालायला दाराशी गेली. तरी त्यांचं बोलणं कानावर पडलंच. “नेसान, मीच. ... हो. वाचलं तिनं. ... नाही, काही म्हणालो नाही. ... नाही म्हटलं ना. ... पाऊस आहे का तिकडे?”

पुस्तक उन्हाळ्यात पुरं झालं. ओळ त्यात गेली नाही. शेवटच्या प्रकरणात बिशपच्या पत्राशी सेन्सेईंनी एवढंच सांगून लिहून घेतलं की श्रद्धेचं वाक्य पाखंड्यांना उत्तर देताना घडलं, आणि ज्यांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही, ज्या फक्त म्हणत राहिल्या, त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार लेखकाला नाही. प्रकाशकाच्या माणसाला ते वाक्य कळलं नाही. तो म्हणाला, काढलं तरी चालेल. सेन्सेई नाही म्हणाले.

सप्टेंबरात त्यांनी योकोहामाचं घर बंद केलं आणि बेटावर गेले. हिवाळ्यापुरतं, असं म्हणाले. पुस्तकं कुठल्याशा विद्यापीठाला दिली. दमयंतीला काय हवं ते घ्या म्हणाले, तेव्हा तिनं खिडकीजवळची खुर्ची मागितली. ती आता तिच्या फ्लॅटमध्ये आहे आणि बहुतेक वेळा रुचा तिच्यात पाय वर घेऊन बसते. अंबरीष म्हणतो, चौदा वर्षांत घरात आलेली ही पहिलीच धड वस्तू.

जानेवारीत एक पार्सल आलं. वाळवलेली रताळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दमयंतीनं आभार मानायला फोन केला. तोमे-साननं घेतला. मागे कुणीतरी पुटपुटत होतं, बारीक, अडखळत.

“तेच का?” दमयंतीनं विचारलं.

“तोच. सकाळी सहापासून. मला मासे साफ करू देत नाही. अर्धं चुकतो.”

“तुम्ही सांगत नाही?”

“मी कशाला सांगू?” म्हातारी म्हणाली. मग आवाज खाली करून, तोंडाशी हात धरल्यासारखी, “परवापासून तर स्वतःचा एक शब्द घालतोय. वारा. वारा सुटला म्हणे, मग थंडी लागली, मग भूक.”

“आणि?”

“आणि काय. बरोबरच आहे ते. आमच्याकडे वारा आधी येतो. थंडी मागून.”